शिट्टीआडची टकटक

पहिल्यांदा तो आवाज मी ऐकलाच नाही. बायकोने ऐकला.

हायवेला चढणारा लांबलचक रस्ता होता, पुढे-मागे कोणी नव्हतं, आणि मी पाय अर्ध्याच्या खाली दाबला होता. समोर, काचेच्या पलीकडे, उघड्या इंजिनावर बसलेल्या, त्यात जास्तीची हवा ढकलणाऱ्या ब्लोअरची शिट्टी वर वर चढत होती. माझ्या तोंडावर काय हसू असेल ते असेल. शेजारून ती म्हणाली, "अरे, डब्यात खडे घालून हलवल्यासारखं काय वाजतंय?"

"काही नाही, ब्लोअर आहे."

"ब्लोअर ओरडतो. हे खडखडतंय."

मग मी काय केलं? पाय उचलायचा सोडून आणखी दोनदा दाबला, तिला पटवायला की बघ, हा ब्लोअरच आहे. त्या दोन वेळा काय केलं मी, ते पुढे आठवड्याभराने सात नंबरच्या सिलिंडरने मला सविस्तर सांगितलं.

गाडी 1932च्या फोर्ड कूपच्या घाटाची. हॉट रॉड, म्हणजे दमदार इंजिन घालून नव्याने घडवलेली जुनी गाडी, म्हटलं की डोळ्यांपुढे जी येते तीच. छप्पर कापून बुटकं केलेलं, पुढची चाकं उघडी, बॉनेट नाहीच. हे वर्ष या छंदात एवढं पूज्य का, तर त्या वर्षी फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं व्ही-8 इंजिन बाजारात आणलं: 221 घन इंचांचं, 65 अश्वशक्तीचं, व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, नसून बाजूला ब्लॉकमध्ये असलेलं, म्हणून 'फ्लॅटहेड'. माझ्या गाडीत ते नाही. माझ्या गाडीत शेव्हरलेटचं 350 घन इंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं, स्मॉल ब्लॉक आहे. फोर्डच्या अंगात शेव्हरलेटचं काळीज हे काहींना घोर पाप वाटतं. पण 1955मध्ये हे स्मॉल ब्लॉक घराणं निघाल्यापासून ते पाप इतक्यांनी केलंय की आता त्याचा रिवाज झालाय.

इंजिन मी तयार घेतलं होतं. ज्याच्याकडून घेतलं त्याने कॉम्प्रेशनबद्दल, म्हणजे पिस्टन खाली असतानाची सिलिंडरातली जागा तो वर आल्यावर उरलेल्या जागेच्या किती पट या रेशोबद्दल, सांगितलं, "साडेनऊचं कॉम्प्रेशन आहे, थोडं हायच समज." मी समजलो. मोजलं नाही. या सगळ्या लेखात माझी म्हणावी अशी चूक हीच, बाकीच्या तिच्या पोटी जन्मलेल्या.

आणि इंजिन होतं गुणी. हाय कॉम्प्रेशनच्या इंजिनाची एक सवय असते, पाय ठेवायचा अवकाश की ते तयार. आळस नाही, विचार करणं नाही. हवा-पेट्रोलचं मिश्रण जितक्या लहान जागेत दाबून पेटवाल, तितकं त्याला पुढे फुगायला, म्हणजे पिस्टनला ढकलायला, जास्त अंतर मिळतं. कागदावरच्या आदर्श हिशेबात 8च्या रेशोला उष्णतेतले 56-57 टक्के कामी येतात, साडेदहाला 61. प्रत्यक्षात यातलं बरंच घर्षणात आणि रेडिएटरमध्ये जातं, पण फरक पायाला कळतो. फुकटात मिळालेली ताकद ती. जास्त हवा नको, जास्त पेट्रोल नको, फक्त जागा कमी करायची.

मग त्यावर ब्लोअर कशाला?

खरं सांगतो. आवाजासाठी. आणि दिसण्यासाठी. अश्वशक्तीचं गणित मी नंतर मांडलं, आधी मांडलं असं भासवण्यासाठी. लहानपणी कुठल्यातरी मासिकात उघड्या इंजिनावर ॲल्युमिनियमची पन्हाळी पेटी, तिच्या डोक्यावर दोन कार्ब्युरेटर आणि पुढून वर गेलेला दातेरी पट्टा असा फोटो पाहिला होता. तेव्हापासून ती पेटी डोक्यात बसलेली. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं, फक्त ते नंतर कळतं.

या पेटीची कुळकथा मोठी गमतीची आहे. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे दोन भाऊ, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावचे. त्यांनी 1860मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी नावाची वस्तूच नव्हती. हवा ढकलायची, एवढंच त्याचं काम. भट्ट्यांना वारा घाल, खाणीत हवा खेळव. पुढे जनरल मोटर्सने 1938मध्ये 71 मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं काढली. टू-स्ट्रोक डिझेलला स्वतःचा श्वास स्वतः घेता येत नाही. कोणीतरी बाहेरून हवा ढकलून जळका धूर हाकलावा लागतो. म्हणून त्या प्रत्येक इंजिनाच्या कुशीला रूट्सचा ब्लोअर बसवला. नावंही सरळ: दर सिलिंडरला 71 घन इंच, सहा सिलिंडर, म्हणून 6-71. ट्रक, बसगाड्या, आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौका, सगळीकडे ही इंजिनं होती. युद्ध संपलं आणि भंगारात ब्लोअरच ब्लोअर. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते उचलले. बार्नी नवारो यांनी लहान 3-71 ब्लोअर फ्लॅटहेडवर चढवला, तो या वाटेवरच्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. म्हणजे आज ज्याच्याकडे बघून लोक रस्त्यात थांबतात, तो दागिना मुळात बसचा धूर हाकलणारा पंखा.

आत दोन रोटर असतात, तीन-तीन पाकळ्यांचे, किंचित पिळलेले. ते फुगडी घातल्यासारखे समोरासमोर फिरतात, पण हाताला हात न लावता. मधली फट केसाएवढी. पुष्कळांना वाटतं हवा त्या दोघांच्या मधून चिरडून खाली जाते. तसं नाही. हवा पाकळ्यांच्या खोबणीत बसून पेटीच्या बाहेरच्या कडेने, भिंतीला घासत खाली जाते. आणि ही गोष्ट फार महत्त्वाची: रूट्स ब्लोअर आतल्या आत हवा दाबत नाही. तो फक्त पोचवतो. दाब तयार होतो खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, कारण इंजिन गिळेल त्याहून जास्त हवा वरून येत राहते. 350 घन इंचांचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत जास्तीत जास्त 175 घन इंच हवा गिळतं. 6-71 ब्लोअर एका फेरीत सुमारे 411 टाकतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत तो इंजिनाहून पुष्कळ हळू फिरवतात, खाली लहान पुली, वर मोठी. मी 6 पीएसआय बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या वर दर चौरस इंचाला 6 पौंड दाब, धरून पुल्या निवडल्या. सहा म्हणजे काय, अगदीच साधा आकडा. शर्यतवाल्यांना हसू यावं इतका.

साधा आकडा एकटा असता तर साधाच राहिला असता.

बूस्ट धरून कॉम्प्रेशन किती पडतं याचा ढोबळ हिशेब असा करतात: बूस्टला वातावरणाच्या दाबाने, म्हणजे 14.7ने भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि कॉम्प्रेशन रेशोने गुणायचं. 6 पीएसआयला हा गुणक येतो 1.41. माझ्या समजुतीतल्या साडेनऊला गुणलं की 13.4. पंपावरच्या पेट्रोलवर, हवा थंड करणारा इंटरकूलर नसलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बाराच्या आसपास थांबावं असं जाणते सांगतात. तेरा-चौदाच्या मध्ये म्हणजे जरा पुढे. मी म्हटलं, जरा पुढे तर जरा पुढे, टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्यात, सांभाळून घेऊ.

इथे मला शाळेत पाठ केलेलं ते माकड आठवायला हवं होतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. श्लोक तिथे थांबत नाही. पुढे त्याला विंचू चावतो आणि वर भूतबाधाही होते. हाय कॉम्प्रेशन हे मर्कट, बूस्ट हे मद्य. विंचू कोणता? उष्णता.

त्या ढोबळ गुणाकारात उष्णता नाही, आणि खरा घात तिथेच आहे. ब्लोअर हवा ढकलतो तेव्हा खाली साठलेली दाबाची हवा प्रत्येक पाकळी उघडताना उलटी वर घुसते, घुसळते, तापते. म्हणून रूट्सची कार्यक्षमता तशी बेताची. ती निम्मी धरा: बाहेर 25 अंश असेल तर 6 पीएसआयला खाली येणारी हवा 85 अंशांच्या घरात जाते. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या डोक्यावर असल्याने पेट्रोल रोटरवरूनच जातं, वाफ होताना थोडा गारवा देतं, ही तेवढी त्याची दया. पण साठ अंशांचा हा बोजा पिस्टन वर येताना तसाच राहत नाही, वाढतो. साडेनऊच्या रेशोत दाबल्यावर साधी हवा जिथे पोचते, त्याच्या वर ही तापलेली हवा आणखी सव्वाशे-दीडशे अंशांनी पोचते. ठिणगी पडायच्या आधीच. आणि दाब दीडपट होत आलेला आहे तो वेगळाच.

ठिणगी पडल्यावर आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. आपल्याला स्फोट वाटतो, पण नीट चाललेल्या इंजिनात तो स्फोट नसतो, पसरत जाणारी आग असते, गवत पेटावं तशी. ती पुढे सरकताना मागे उरलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबलं जातं. ते कोपऱ्यातलं मिश्रण इतकं तापलं की आग पोचायच्या आतच स्वतःहून भडकलं, तर त्याला डेटोनेशन म्हणायचं, आपल्या बोलण्यात नॉकिंग. एवढ्या बोअरच्या सिलिंडरात त्या धक्क्याच्या लाटा सेकंदाला साधारण सहा हजार वेळा भिंतीवर आदळतात. टाचणीने पातेल्यावर मारल्यासारखा आवाज. किंवा डब्यातले खडे.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर, कोपऱ्यात कोंडलं तरी न भडकण्याचा. 1921मध्ये जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांना सापडलं की शिशाचं एक संयुग घातलं की पेट्रोलचा धीर वाढतो. पुढची कित्येक दशकं जगाने ते शिसं श्वासातून घेतलं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पुरतं बंद व्हायला 1996 उजाडलं. जुने लोक सांगतात, "आम्ही अकराचं कॉम्प्रेशन रोज चालवायचो." चालवत होते, खरंच. पण त्यांच्या टाकीत काय होतं ते विसरून आजच्या 91 ऑक्टेनवर तीच फुशारकी मारता येत नाही. शिवाय त्यांच्या डोक्यावर ब्लोअर नव्हता.

तर मी सांभाळून घेतलं. एकूण टायमिंग 34 अंश होतं, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोचायच्या तितके अंश आधी ठिणगी, ते 26वर आणलं. थंड जातीचे प्लग लावले. जेट मोठे केले, म्हणजे पेट्रोल जरा जास्तच. गाडी चालली. दोन महिने चालली! मी मित्रांना सांगत सुटलो की लोक उगाच घाबरवतात.

पण आता मागे बघतो तर ती चालत नव्हती, निभावत होती. ठिणगी उशिरा पडली की आग उशिरा संपते. पिस्टन खाली निघून गेलेला असतो आणि जी उष्णता त्याला ढकलायची ती एक्झॉस्टमध्ये जाते. एका रात्री फिरून आलो, गॅरेजचा दिवा लावायच्या आधी बघतो तर हेडरच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, नळ्या मडक्याच्या रंगाच्या. लालसर, अंधारात अगदी सुंदर दिसणाऱ्या. मी बायकोला बोलावून दाखवल्या. कौतुकाने! रेडिएटरचा काटाही नेहमीच्या जागी थांबेना. आणि शहरातल्या संथ वेगात, जिथे बूस्ट नाही, तिथे गाडी पूर्वीची राहिली नव्हती. पाय ठेवला की तयार, हा तिचा गुण मीच आठ अंशांनी मागे खेचला होता. हाय कॉम्प्रेशनही ठेवलं आणि त्याचं सुखही घालवलं.

आणि शिट्टी. दिवसरात्र शिट्टी. ज्या आवाजासाठी हे सगळं केलं, त्यानेच तो दुसरा आवाज झाकला. माझे कान तिकडेच लागलेले. तिच्या कानांना शिट्टीचं काही पडलेलं नव्हतं, म्हणून तिला खडे ऐकू आले.

त्या दिवसानंतर गाडी जरा लंगडत होती. रिकामी चालताना एक ठेका चुकायचा. प्लग काढले. सात प्लग बरे होते, सातव्या सिलिंडरचा उजेडात धरला, मग भिंग आणलं. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याची पूड भुरभुरावी तसे ठिपके, आणि त्यातले काही चमकत होते. चमकणारे ठिपके म्हणजे ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम म्हणजे पिस्टन. तो तेवढासा प्लग बोटांत धरून मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो.

कॉम्प्रेशन गेज लावला. बाकीचे सिलिंडर 190 पीएसआयच्या आसपास, सातवा 110. हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढला. वरच्या दोन रिंगांच्या मधली भिंत, तिला रिंग लँड म्हणतात, बोटाच्या पेराएवढी तुटून गेली होती. बिस्किटाचा कोपरा मोडावा तशी, तितकीच स्वच्छ. माझे पिस्टन हायपरयुटेक्टिक जातीचे, ओतीव. कडक असतात, हलके असतात, रोजच्या वापराला छान, पण हातोडीचा मार सोसत नाहीत. फोर्ज्ड पिस्टन आधी वाकतो, चेपतो. हा सरळ तुटतो.

सातच का? या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. पाच पेटला की लगेच त्याचा शेजारी सात पेटतो. एकाची धग उतरायच्या आत दुसऱ्याची पाळी. स्मॉल ब्लॉकमध्ये सात नंबरची ही तक्रार जुनी आहे. घरात जो आधीच सोसत असतो त्याच्यावरच सगळ्यात आधी येतं, तसं.

एवढ्यावर मी नवे पिस्टन घालून गप्प बसलो असतो. पण ज्याच्याकडे ब्लॉक तपासायला नेला, त्या मशीन शॉपच्या म्हाताऱ्याने एकच प्रश्न विचारला: "कॉम्प्रेशन किती?"

"साडेनऊ."

"कोणी मोजलं?"

मी गप्प.

त्याने ब्युरेट दिली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते तीच, काचेची, खाली तोटी असलेली. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर, कडेला ग्रीसचा पातळ हात, त्यावर मध्ये भोक पाडलेली जाड पारदर्शक पट्टी दाबून बसवायची. मग ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट थेंब थेंब सोडायचं. शेवटी एक बुडबुडा हमखास राहतो. तो भोकाशी आणायला हेड जरासं कलतं करावं लागतं आणि तो चुकवत फिरतो, लहान मूल आंघोळीला चुकवतं तसा. बुडबुडा गेला की डोळा पातळीला आणून आकडा वाचायचा. हेडवर ओतलेल्या क्रमांकावरून चेंबर, म्हणजे मिश्रण पेटतं तो हेडमधला खळगा, 64 घन सेंटिमीटरचं असायला हवं होतं. भरलं 61. पुन्हा केलं. 61. पुढचं साडेसाठ. कोणीतरी कधीतरी हे हेड घासून खाली घेतलं होतं.

मग बाकीची बेरीज. पिस्टनच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हच्या खाचा 5. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीच्या 25 थाऊ, म्हणजे 25 हजारांश इंच, खाली थांबत होता, त्याचे आणखी 5. आणि हेड-ब्लॉकच्या मधलं गॅस्केट पत्र्याचं, जेमतेम 15 थाऊ जाडीचं, त्याचे साडेतीनही नाहीत. एकूण 74 आणि थोडं. पिस्टन एका दौडीत जागा व्यापतो 716. दोन्हींची बेरीज करून 74ने भागा: साडेदहाच्याही वर, 10.6.

10.6 गुणिले 1.41. जवळजवळ 15.

म्हातारा काही बोलला नाही. ब्युरेट धुऊन जागेवर ठेवली. मला वाटतं त्याने ती ज्या हळुवारपणे ठेवली त्यातच काय ते होतं, किंवा मीच तसं धरून चाललोय. तो सगळ्याच वस्तू तशा ठेवतो.

आता दोनच वाटा होत्या. ब्लोअर उतरवायचा आणि इंजिन होतं तसं पुन्हा उभं करायचं. किंवा ब्लोअर ठेवायचा आणि कॉम्प्रेशन उतरवायचं. दुसरी वाट मला अपमानासारखी वाटत होती हे कबूल करतो. हाय कॉम्प्रेशन म्हणजे जातिवंत, लो कॉम्प्रेशन म्हणजे जुनाट ट्रक, अशी काहीतरी उतरंड डोक्यात होती. ती कुठून आली कोण जाणे.

मग वाचत गेलो आणि उतरंड उलटी निघाली. दुसऱ्या महायुद्धातलं रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान इंजिन, सुपरचार्ज केलेलं, त्याचं कॉम्प्रेशन 6. फक्त सहा. ड्रॅग रेसिंगमधल्या टॉप फ्यूएल गाड्या, 500 घन इंचांचं इंजिन, नायट्रोमिथेन पिणारं, डोक्यावर याच रूट्सच्या वंशातला अवाढव्य ब्लोअर: कॉम्प्रेशन साडेसहा-सातच्या घरात. जगातली सगळ्यात दांडगी इंजिनं पोटात जागा ठेवून जेवायला बसतात. गणितही तेच म्हणतं. 10.6वरून 8वर उतरलो तर आदर्श हिशेबात सात-साडेसात टक्के गमावतो. 6 पीएसआयने कागदावर 40 टक्के जास्त हवा येते. उष्णता आणि ब्लोअर फिरवायला लागणारी ताकद वजा केली तरी सौदा बुडीत नाही. आणि त्याहून मोठं म्हणजे टायमिंग परत पुढे नेता येतं.

कोणी म्हणेल, आजकाल कारखान्यातूनच दहाच्या कॉम्प्रेशनवर सुपरचार्जर लावून गाड्या येतात. येतात. 2015च्या कॉर्व्हेट झेड-06चं एलटी-4 इंजिन घ्या: कॉम्प्रेशन 10, वर सुपरचार्जर, 650 अश्वशक्ती, आणि पेट्रोल पंपावरचंच. पण तिथे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं आणि तिथेच वाफ होऊन गारवा देतं, दाबलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन जाते, आणि ब्लॉकवर बसलेला सेन्सर नॉकिंग ऐकून आपलं आपण टायमिंग मागे घेतो. तिथे ऐकायला कोणीतरी नेमलेलं आहे. माझ्या गाडीत कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि मी.

बांधणीचं फार लांबवत नाही. जाड गॅस्केट घालून काम भागवायचा मोह झाला होता. स्वस्त आणि एका दिवसाचं. म्हाताऱ्याने तो मोडून काढला. पिस्टन वर आला की हेडचा सपाट भाग आणि पिस्टन यांच्यात जेमतेम 40 थाऊंची फट हवी. त्या चिमटीतून मिश्रण जोरात प्लगकडे फेकलं जातं, ढवळलं जातं, आणि कोपऱ्यात भडकायला फारसं काही उरत नाही. जाड गॅस्केटने रेशो उतरतो खरा, पण ही चिमटी ढिली पडते आणि नॉकिंगला कोपरा मोकळा मिळतो. रोग कमी करायला जाऊन रोगाला घर बांधून देणं. म्हणून ब्लॉक वरून घासून पिस्टनच्या पातळीला आणला, गॅस्केट 39 थाऊचं, म्हणजे फट शाबूत. फोर्ज्ड पिस्टन घेतले, डोक्यावर इंग्रजी 'डी'च्या आकाराची 22 घन सेंटिमीटरची खळगी असलेले. खळगी चेंबरच्या खाली येते आणि चिमटीचा भाग सपाटच राहतो. हेड दुसरी, 72ची. कॅमशाफ्टही बदलला, दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी कमी वेळ उघडे राहतील असा, नाहीतर दाबून भरलेली हवा या दाराने येऊन त्या दाराने जाते. या वेळी सगळं मी मोजलं. आठही चेंबर, आठही खळग्या. बेरीज 102, रेशो 8. बूस्टने गुणून 11.3.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा थोडं परकं वाटलं. रिकाम्या चालीत पूर्वीचा तो ताठरपणा नाही, जरा सैलावलेलं, खालच्या पट्टीत गुरगुरणारं. मला ते आवडलं नाही, खोटं कशाला सांगू. टायमिंग एकेक अंशाने पुढे नेत 30पर्यंत आणलं आणि प्रत्येक अंशाला प्लग काढून भिंगाखाली पाहिला. पांढरे. ठिपका नाही.

तरी कानांवर माझा भरवसा उरला नव्हता. तेव्हा म्हाताऱ्याने सांगितलेली जुनी युक्ती केली. तांब्याची हातभर नळी, तिचं एक टोक हातोडीने चपटं करून भोक पाडलं आणि ब्लॉकच्या बाजूच्या रिकाम्या बोल्टला घट्ट आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यातून, आत, आणि शेवटी कारखान्यात कानांवर घालतात तो जाड कर्णरक्षक, त्याच्या एका वाटीत भोक पाडून खोचलेली. डॉक्टरचा स्टेथोस्कोपच म्हणा. नळीतून ब्लोअर जवळजवळ ऐकूच येत नाही. इंजिन ऐकू येतं: व्हॉल्व्हचा टिकटिकाट, चेनची सळसळ, आणि मधे काही खडखडलंच तर ते.

घालणार कोण? मी चालवणार. आणि खरं तर मी घालून उपयोगही नव्हता.

तोच रस्ता, तोच चढ. तिने केस मागे घेऊन ते जाडजूड कर्णरक्षक चढवलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि डोळे मिटले. मी पाय अर्ध्यापर्यंत नेला. मग अर्ध्याच्या खाली. गेजचा काटा सहावर गेला, शिट्टी चढली, पुढची उघडी चाकं थरथरायला लागली. मी रस्त्याकडे बघायचो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे. तिचा चेहरा एखादं स्टेशन पकडण्यासाठी रेडिओचं बटण फिरवणाऱ्या माणसासारखा. चढ संपला. पाय उचलला.

तिने एक वाटी बाजूला केली. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे सगळं आहे, खडे नाहीत." मग जरा थांबून, "पण एकदाने काय कळतं? वळव. पुन्हा चढू."

आणि मी गाडी वळवेपर्यंत तिने वाटी परत कानावर दाबली होती, डोळे मिटले होते.